टाकीचे घाव

परभणीत ‘मी केमिस्ट्री शिकवतो’ असं सांगितलं की लोक पित्तावर कोणती गोळी चांगली ते विचारतात. ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री शिकवतो’ असं सांगितलं की जरा थांबतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘‘म्हंजे भेसळ धरता का सर?’’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळा होणारा माणूस सुखी. मला ते कधी जमलं नाही. ‘‘तसं म्हणायला हरकत नाही,’’ असं म्हणून मी चष्मा वर सरकवतो आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस बाटली घेऊन विभागात हजर होतो.

या बाटल्यांवरच एक प्रबंध होईल. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तूप येतं, थंड पेयाच्या बाटलीत बोअरचं पाणी, शाम्पूच्या बाटलीत मध आणि पेढ्यांच्या खोक्यात माती. एका गृहस्थांनी सुनेच्या माहेरहून आलेलं गंठण आणलं होतं. ‘‘नुसतं बघा सर, कागदावर काही देऊ नका.’’ मी नुसतं बघितलं. पिवळं होतं, तसं सांगितलं.

मानवतकडच्या एका पाहुण्यांनी नव्या बोअरचं पाणी आणलं तेव्हा मी जरा जास्तच मनावर घेतलं. क्लोराइड काढायची मोहरची पद्धत सोपी आहे. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे, वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, पिवळ्याचा विटकरी रंग झाला की थांबायचं. विटकरी रंग येईना. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे चांदीच. ब्युरेट रिकामी होत चालली आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. हे पाणी थेट अरबी समुद्राशी सोयरीक सांगत होतं. मी गंभीर चेहऱ्यानं निकाल दिला: बोअर बंद करा. पाहुणे मटकन खाली बसले. त्यांच्या मंडळी मात्र घुटमळत म्हणाल्या, ‘‘बरणी तर चांगली धुतली होती की हो.’’

‘‘कशाची बरणी?’’

‘‘लोणच्याची.’’

मातीची तऱ्हा तीच. शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, वीतभर खोलीपर्यंतची माती काढायची, एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि असं करत अर्धा किलो उरवायची, हे २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आल्यापासून गावोगाव सांगून झालेलं आहे. तरी एक शेतकरी अशी माती घेऊन आले की तिच्यात सेंद्रिय कर्ब तीन टक्क्यांच्या वर निघाला. आपल्या काळ्या रानात अर्धा टक्का कर्ब टिकवताना माणसाचा जीव जातो. मी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माती उकिरड्याच्या कडेची होती. ‘‘रान लांब आहे सर, आन् माती ती मातीच की.’’

घरची परिस्थिती याहून बिकट. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. लग्नानंतर बायकोनं पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा मी उत्साहानं पाणी कॉलेजात नेलं, ईडीटीएनं टायट्रेशन केलं, वाइनसारखा लाल रंग निळा झाल्यावर हिशेब मांडला आणि घरी येऊन जाहीर केलं, ‘‘कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ४८० मिलिग्रॅम.’’ तिनं शांतपणे विचारलं, ‘‘मग आता शिजंल का?’’ त्यानंतर ती डाळीत चिमूटभर सोडा टाकायला लागली आणि मला तिनं घरगुती विश्लेषणाच्या कामातून मुक्त केलं. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही मुक्ती मला महागात पडली.

बाटल्या आणणाऱ्यांना मी हसतो खरा, पण वर्गात याच विषयाचा माझा लौकिक आहे. नमुना कसा घ्यावा, चूक कुठून शिरते, हे मी फार रंगवून शिकवतो. बी.एस्सी.च्या पोरांचा जीव सी.बी.आर.मध्ये, म्हणजे तिन्ही वेळा सारख्या येणाऱ्या ब्युरेट रीडिंगमध्ये अडकलेला असतो. पहिलं रीडिंग पोरं मनापासून घेतात, उरलेली दोन मनातून. ९.८, ९.८, ९.८. प्रात्यक्षिक परीक्षेला आमचे प्रयोगशाळा परिचर मामा फडकं घेऊन टेबलं पुसत एका कडेनं जातात आणि अर्ध्या तासात पूर्ण बॅचचं रीडिंग ११.२ वर येऊन स्थिरावतं. अशा वेळी मी फळ्यावर नेमबाजीची चकती काढतो. एका कोपऱ्यात सगळे बाण एकाच जागी घुसलेले दाखवतो. ‘‘हे बघा, नेम सारखा आहे, पण चुकीच्या जागी सारखा आहे. प्रिसिजन उत्तम, अ‍ॅक्युरसी शून्य. आकडे सारखे आले म्हणून बरोबर समजू नका.’’ पोरं चकती वहीत काढून घेतात. ती दरवर्षी परीक्षेला येते.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपल्याकडे म्हणतात. बाहेरचे लोक त्यावर हसतात, पण आमच्या विषयापुरतं बोलायचं तर जर्मनीबद्दलचा अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. केवळ विश्लेषणाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक १८६२ साली फ्रेसेनियस यांनी व्हीसबाडेनहून काढलं. ब्युरेटला आजचं सुटसुटीत रूप दिलं कोब्लेन्ट्सच्या मोहर यांनी. क्लोराइड काढायची पद्धत त्यांची, आणि लोह मोजायला प्रमाण द्रावण ज्याचं करतात ते फेरस अमोनियम सल्फेट आजही ‘मोहरचा क्षार’ म्हणून बाटलीत येतं. राहिलेला अर्धा भाग, म्हणजे परभणीचा, सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

लोहाकडे मी वळलो तो अशा विचारानं, असं म्हणायला आवडलं असतं. खरं कारण पदोन्नतीचं. शोधनिबंध हवे होते. आमच्याकडे तेव्हा झाडपाल्यापासून चांदीचे नॅनो कण करायची लाट होती. कडुलिंब झाला, तुळस झाली, शेवगा झाला, सीताफळ झालं. रस्त्याच्या कडेचं एकही झाड पीएच.डी.च्या पोरांनी सोडलं नव्हतं. मी उशिरा जागा झालो तोवर फक्त गाजरगवत उरलं होतं, आणि त्याची मला अ‍ॅलर्जी आहे.

त्याच सुमारास जिंतूर तालुक्यातले एक काका विभागात आले. त्यांच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली दगडी ज्वारी होती. ‘‘आमच्याकडं बाळंतिणीला हीच भाकर देतेत. हिच्यात काय हाय ते बघा.’’ माझ्या डोक्यात दिवा पेटला. ज्वारी आणि लोह ही आमच्या गावची जुनी जोडी आहे. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, आणि त्यांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचा वाण दिला. साध्या ज्वारीत किलोला तीसेक मिलिग्रॅम लोह असतं, या वाणात सरासरी ४५. जस्तही वीसवरून बत्तिसावर गेलेलं. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी, तिथं भाकरीतूनच लोह जाणार असेल तर याहून चांगलं काय? विद्यापीठाला हे करायला शास्त्रज्ञांचा ताफा आणि वर्षं लागली. माझ्याकडे काका होते, आणि काकांकडे पोतं.

पद्धत सोपी, कॉलेजला झेपणारी. पीठ चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये घालून मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर राख होईस्तोवर जाळायचं. राख हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची. हायड्रॉक्सिलअमाइननं सगळं लोह फेरस रूपात आणायचं आणि त्यात ऑर्थोफिनॅन्थ्रोलिन टाकायचं, की संत्र्यासारखा तांबूस रंग येतो. जितकं लोह तितका रंग गडद. तो स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५१० नॅनोमीटरवर मोजायचा. फर्नेस तापत आली की वीज जाते, हा यातला स्थानिक टप्पा. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

शुद्धतेच्या बाबतीत मी कसूर केली नाही. काचेची भांडी रात्रभर नायट्रिक आम्लात बुडवून ठेवली. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. लोखंडी स्टँडला हात लावून तोच हात फ्लास्कला लावणाऱ्या मामांवर ओरडलो. प्रत्येक वेळी ब्लँक घेतला, म्हणजे पीठ सोडून बाकी सगळी रसायनं तशीच टाकून किती लोह दिसतं ते बघितलं. जवळपास शून्य.

प्रश्न होता दाणे दळायचे कशात. विभागात मिक्सर होता. तो स्नेहसंमेलनात शेंगदाण्याच्या चटणीला वापरल्यापासून त्याला लसणाचा वास येत होता, पण माझा आक्षेप शास्त्रीय होता. मिक्सरचं पातं स्टीलचं. स्टील म्हणजे लोखंड. लोह मोजायचं आणि दाणे लोखंडानं दळायचे? माझी संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, अ‍ॅगेटचा खल आहे आपल्याकडं, कपाटात. त्यात कुटू का?’’ तो खल मुठीएवढा. मी हसलो. ‘‘अगं, दगडावरच दळायचंय ना? मग गिरणी काय वाईट आहे? दगडात लोखंड कुठून येणार?’’ हे वाक्य मी इतक्या ठसक्यात म्हटलं, की तिनं ते वहीत लिहून घेतलं. पुढे ती वही मला बघायला मिळाली. वाक्याखाली दोन रेघा होत्या आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

मोंढ्यातून आणलेली साधी ज्वारी तुलनेसाठी आधीच दळून झाली होती. तिचं लोह भरलं ३४, पुस्तकात लिहावं तसं. मग एका शनिवारी सकाळी काकांच्या ज्वारीचा डबा घेऊन मामा त्याच गिरणीवर गेले आणि चहा संपायच्या आत परत आले. एरवी त्या गिरणीवर डब्यांची रांग असते, मामा दोन-दोन तास तिकडेच राहतात आणि ते मला चालवून घ्यावं लागतं. ‘‘आज एकबी डबा नव्हता सर. शटर उघडल्या-उघडल्या आपला नंबर.’’ मी म्हटलं, ‘‘वा!’’ इतकं शुभ वर्तमान ऐकून ज्याच्या मनात शंका आली असती तो खरा विश्लेषक.

काकांच्या ज्वारीचा रंग उतरला तो थेट केशरी. आकडा ११२.

परत केलं. ११३. परत केलं. १११. बाण एकाच जागी घुसत होते. मी उठून खिडकीपाशी गेलो. बाहेर मार्चचं ऊन होतं आणि मला त्यात व्हीसबाडेन दिसत होतं.

विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, फारच जास्त येतंय.’’

मी तिला बसायला सांगितलं आणि लॉर्ड रॅलेची गोष्ट सांगितली. रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियातून काढलेल्यापेक्षा किंचित जड भरत होता. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दुसऱ्या कोणी ‘होतं असं’ म्हणून सोडून दिलं असतं. रॅलेंनी १८९२ साली ‘नेचर’ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच विचारलं, बाबांनो, हे काय आहे? त्या फरकाच्या पाठीमागे लागून त्यांनी आणि रॅम्झी यांनी १८९४ मध्ये हवेत लपलेला आर्गॉन शोधून काढला. १९०४ साली एकाला पदार्थविज्ञानाचं नोबेल, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. ‘‘न जुळणारा आकडा ही देणगी असते,’’ मी म्हणालो. रॅलेंनी आधी चूक स्वतःच्याच कामात शोधली होती, हा भाग मी वेळेअभावी गाळला.

प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी संस्थाचालकांना सांगितलं. नॅकची समिती येऊ घातली होती आणि ‘समाजोपयोगी संशोधन’ या रकान्यात तोवर फक्त वृक्षारोपण होतं. संध्याकाळपर्यंत वार्ताहर आला. त्याला फोटो हवा होता. मी संत्री रंगाची टेस्ट ट्यूब हातात घेतली. तो म्हणाला, ‘‘सर, हे चहावानी दिसायलंय. छापून येत नाही. निळं काही नाही का?’’ मामांनी तत्परतेनं मोरचुदाचं द्रावण आणून दिलं. दुसऱ्या दिवशी ‘जिंतूरच्या ज्वारीत लोहाचा खजिना’ या मथळ्याखाली मी निळ्याशार नळीकडे भक्तिभावानं बघताना छापून आलो. नळीत तांबं होतं. लोहाचा एक कणही नव्हता. तेवढ्या एका बाबतीत तो फोटो पुढे फारच खरा ठरला.

मग फोन सुरू झाले. सेलूहून, पाथरीहून, पूर्ण्याहून. एका बियाणेवाल्यानं काकांकडे माणूस पाठवला. काकांनी उरलेली पोती विकायची थांबवली. गंगाखेडच्या एका कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं. तिथं मी ‘लोह आणि मराठवाड्याची अस्मिता’ या विषयावर बोललो, हे आता आठवलं तरी कान गरम होतात. एका परिषदेला सारांश पाठवून दिला. त्यात ‘अभूतपूर्व’ हा शब्द होता. आकडा खरा असता तरी तो कापायला हवा होता.

त्या दिवसांत बायको वर्तमानपत्राचं कात्रण फ्रिजवर चिकटवून होती. तिनं मनापासून कौतुक केलं होतं. एका रविवारी सकाळी ती दळणाचा डबा भरत होती. मी सहज म्हटलं, ‘‘मामांबरोबर पाठवू का? शनिवारी सकाळी अजिबात गर्दी नसते.’’

‘‘कोणत्या गिरणीत?’’

मी सांगितलं.

‘‘गर्दी कशी असंल? महिन्यातल्या एका शनिवारी टाकी लावतो तो. त्या दिवशी कोणी दळण नेतं का? निम्मं पीठ निम्मी रेती. भाकरीत कचकच लागती. पहिलं दळण तर लोक ढोरांचं टाकतेत.’’

मी डबा तिच्या हातातून घेतला, का घेतला ते मलाही कळलं नाही, आणि तसाच उभा राहिलो. टाकी लावणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. लहानपणी जात्याला टाकी लावणाऱ्या बायका गल्लीत ओरडत यायच्या. गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करायला त्याच्यावर छिन्नी-हातोड्यानं बारीक घाव घालायचे. छिन्नी पोलादाची. दगडाचा चुरा पडतो तशी छिन्नीही झिजते. आणि हे सगळं, चुऱ्यासकट, झटकून न झटकून दगड परत बसवतात आणि शटर उघडतात, आणि शटर उघडल्या-उघडल्या आपला नंबर.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. काकांच्या ज्वारीला ते एका सकाळीत आलं होतं.

तरी पुरावा हवा. मुलगी सहावीत होती. तिच्या विज्ञानाच्या पेटीत लाल-निळा पट्टीचुंबक होता. मी कॉलेजातून उरलेलं पीठ आणलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागदावर पसरलं आणि चुंबक पॉलिथिनमध्ये गुंडाळून त्यातून हळूहळू फिरवला. उचलला तेव्हा टोकाला दाढीच्या खुंटांसारखं काळं काहीतरी उभं राहिलेलं होतं. कागदावर झटकून भिंगातून पाहिलं. बारीक चकचकीत कीस, एक-दोन कण तर चांगले वळलेले. रव्यात लोखंडाचा कीस आहे का हे बघायला अन्नसुरक्षावाले घराघरात हीच युक्ती सांगतात. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, हे आमच्या पुस्तकात आहे. मिश्रणाचे घटक वेगळे करणे.’’ नंतर तिनं विचारलं, ‘‘तुमचं यंत्र केवढ्याचं आहे?’’ मी तिला अभ्यासाला बसवलं.

रात्री झोप लागेना. वर्गात रॅलेच्या पाठोपाठ मी नेहमी क्लेअर पॅटरसन यांची गोष्ट सांगतो, आणि ती माझी जास्त आवडती आहे. उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायचं त्यांनी मनावर घेतलं, तर आकडे वेडेवाकडे यायला लागले. नमुन्यात असायला हवं त्याच्या किती तरी पट शिसं. ते बाहेरून येत होतं: धुळीतून, काचेतून, रसायनांतून, माणसांच्या केसांतून आणि कपड्यांतून. पॅटरसननी पुढची वर्षं घासण्या-पुसण्यात घातली, कॅलिफोर्नियात अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि १९५६ मध्ये वय सांगितलं: साडेचारशे कोटी वर्षांच्या थोडं वर. एवढं शिसं आलं कुठून याचा माग काढत ते पेट्रोलपर्यंत पोचले आणि तेलकंपन्यांशी भांडत बसले. ‘‘पोरांनो, जो आकडा आपल्याला आवडतो त्याची झडती आधी घ्या,’’ असं मी ही गोष्ट सांगताना म्हणतो. आवाज किंचित कापतो. मुली भारावतात. रॅले आणि पॅटरसन दोघेही कपाटात उपलब्ध असताना मी रॅलेंना बाहेर काढलं, कारण त्यांच्या गोष्टीच्या शेवटी नोबेल होतं आणि पॅटरसनच्या गोष्टीत फरशी पुसणं.

सोमवारी विद्यार्थिनीनं न बोलता अ‍ॅगेटचा खल काढला. काकांचे दाणे धुऊन, वाळवून, चिमूट-चिमूट करत आम्ही आळीपाळीनं कुटले. मनगटं दुखून आली. राख झाली, रंग आला. फिका, चहाच्याही खालचा. ३६. मोंढ्यातल्या ज्वारीहून दोनानं जास्त, आणि आमच्या पद्धतीत तेवढं इकडेतिकडे होतंच.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, ‘‘हे छापलंच पाहिजे असं काही आहे का?’’ वार्ताहराला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘सर, खुलाशाला जागा नसते. नवीन काही सापडलं तर कळवा.’’ परिषदेला मात्र मी सारांश मागे घेत असल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की शुल्क परत मिळणार नाही, प्रमाणपत्र मिळेल.

काकांकडे जाणं सगळ्यात जड गेलं. जिंतूरच्या पुढे, येलदरीच्या वाटेवर त्यांचं गाव. त्यांनी पोती ओसरीत रचून ठेवली होती आणि वर कात्रण, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी टाकीपासून चुंबकापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, ‘‘म्हंजे लोखंड हाय, पर ज्वारीचं नाही.’’

‘‘हो.’’

‘‘छिन्नीचं.’’

‘‘हो काका.’’

ते थोडा वेळ पोत्यांकडे बघत राहिले. ‘‘भाव तर पडला की सर. चार रोज आधी सांगितलं आस्तं तर बरं झालं आस्तं.’’ मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. ‘‘पर मला एक सांगा. छिन्नीचं आसू द्या, पोटात तर लोखंडच जायलंय ना? त्या गिरणीतली भाकर खाल्ली तर रक्त वाढंल का नाही?’’

इथं गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न चांगला होता आणि चांगला प्रश्न दिसला की माझं भान सुटतं. मी सांगायला लागलो की जगात बऱ्याच ठिकाणी गव्हाच्या पिठात शुद्ध लोहाची अतिबारीक भुकटी मुद्दाम मिसळतात, जठरातल्या आम्लात ती थोडीफार विरघळते, सगळं कणांच्या आकारावर अवलंबून असतं, शिवाय धान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या अगदीच नाही म्हणता येणार नाही, तथापि... काकांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबून ऐकत होत्या. ‘‘त्याच्या आधी दात जातील मामंजी,’’ त्या म्हणाल्या आणि चहा ठेवून आत गेल्या. अ‍ॅक्युरसी म्हणतात ती ही.

काकांनी येताना मला पायलीभर ज्वारी दिली. नको म्हणण्याची माझी लायकी नव्हती. भाकरी खरंच सुरेख झाली. खलात कुटलेली नव्हती, दुसऱ्या गिरणीतली होती. बायकोनं वार विचारून दळून आणली.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण मामांच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या आठवड्यात विभागाच्या दारात पिठानं पांढरे झालेले एक गृहस्थ उभे. भुवयांवरसुद्धा पीठ. मी ओळखलं नाही. मी त्या गिरणीत कधी गेलोच नव्हतो.

‘‘सर, तुमी ते पेपरात दिलेलं लोखंड,’’ ते म्हणाले, ‘‘ते आमच्या गिरणीचं हाय म्हणे.’’

मला घाम फुटला. मी घाईघाईनं सांगायला लागलो की तुमच्या गिरणीची बदनामी करायचा माझा हेतू नव्हता, मी कुठं नाव घेतलेलं नाही, टाकी सगळेच लावतात, दोष माझा आहे, नमुना कसा घ्यावा याचे काही नियम असतात.

‘‘बदनामी कशाची?’’ ते खुर्ची ओढून बसले. ‘‘लोखंड आमचं, आन् नाव जिंतूरचं झालं, ह्याचं वाईट वाटलं. पेंटरला बोलावलंय. ‘येथे लोहयुक्त दळण मिळेल.’ शनिवारचा रेट दोन रुपये जास्त लावावा म्हणायलो. कॉलेजच्या कागदावर तेवढं लिहून द्या.’’

मी त्यांना कीस दाखवला. चुंबक दाखवला. पोलादाच्या किसाचं पोटात काय होतं आणि दातांचं काय होतं ते सांगितलं. कागद मिळणार नाही हे निक्षून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, प्रत्येक वाक्याला ‘हाव, हाव’ म्हणाले, आणि खिशातून डायरी काढली.

‘‘बरं, कागद नका देऊ. पाटीवर आकडा तर टाकावा लागंल. कितीक टाकू? सरळ सव्वाशे टाकू का?’’

‘‘सव्वाशे कसं टाकता?’’ मी उसळून म्हणालो. ‘‘११२ आहे. आणि अधिक-उणे एक लिहा.’’

त्यांनी ते लिहून घेतलं.